रविवारच्या पुरवणीत शेड कार्ड उलटे छापले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या दाजी पेठेतला निवृत्त डाइंग मास्तर. छत्तीस वर्षे चादरीचे आणि टॉवेलचे सूत रंगवले. तारे हा काही माझा धंदा नाही, पण रंग हा आहे, आणि रंगात चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. पत्र लांबले आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त आकडे उलटेसुलटे करू नका, कारण तक्रार त्याचीच आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीच्या रविवारी आपल्या मुलांच्या पुरवणीत ताऱ्यांच्या रंगांचा तक्ता आला होता. आमच्या धंद्यात रंगछटांच्या अशा तक्त्याला शेड कार्ड म्हणतात. वर लाल तारा, शेजारी 'सर्वांत उष्ण'. मग नारिंगी, पिवळा, पांढरा. तळाला निळा, शेजारी 'सर्वांत थंड'. खाली चौकट होती : व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, कारण तो सर्वांत मोठा आहे. तक्ता उलटा आहे आणि चौकटीतले 'कारण' साफ खोटे आहे.

माझी नात आठवीत शिकते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिला शाळेत चार्ट लावायचा आहे. तिने हा तक्ता जसाच्या तसा उतरवायला घेतला. मी म्हटले, "अगं, हे उलटं आहे." ती म्हणाली, "तात, पेपरात छापलंय." (आमच्या घरात तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत आजोबांना तात म्हणतात. मराठी वाचकांनी मला तिचा बाप समजू नये.) माझ्या एका मानेच्या हलण्यावर मालक अख्खा लॉट पुन्हा रंगवायला काढायचा, आणि इथे आठवीतली पोर ऐकेना. आपल्या कार्यालयात फोन केला तर 'पुरवणीचा मजकूर बाहेरून येतो' असे उत्तर मिळाले. सूतसुद्धा बाहेरूनच यायचे हो, पण शेड चुकली तर शिव्या मीच खायचो.

चूक कुठून आली याचा मला अंदाज आहे. गीझरचा गरम नळ लाल, थंड नळ निळा. आपल्याच पहिल्या पानावर मे महिन्यात हवामानाचा नकाशा येतो, त्यात सोलापूर लालभडक आणि महाबळेश्वर निळे. तिथे ते चालते, कारण तो रंग माणसाने ठरवून दिलेला आहे. ताऱ्याला रंग कुणी दिलेला नाही, तो त्याच्या तापण्यातून येतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या डाय हाऊसला कोळशाच्या बॉयलरची वाफ होती. फायरमन भट्टीचे दार उघडून आत डोकवायचा आणि म्हणायचा, "अजून लालच आहे मास्तर, थांबा जरा." निखारा काळपट लाल असतो तेव्हा सातशे अंशांच्या आसपास असतो. नारिंगी झाला की हजाराच्या घरात जातो, पिवळा झाला की अकराशे-बाराशे, आणि बघवत नाही इतका पांढरा झाला की तेराशेच्या वर. लाल ही तापण्याची पहिली पायरी. निळ्यापर्यंत कोळसा पोचत नाही. लोखंड तर त्याच्या कितीतरी आधी वितळून जाते. तिथे जायला ताराच व्हावे लागते.

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांनी जुना काचेचा बल्ब आठवावा. आमच्या पेठेत सकाळी सगळे यंत्रमाग एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचे आणि घरातला बल्ब मंद व्हायचा. नुसता मंद नाही, लालसरही व्हायचा. आई विड्या वळता वळता म्हणायची, "बघ, बल्बला झोप आली." तार तीच, काच तीच. तार निवली की उजेड कमी होतो आणि लालीकडे झुकतो, दोन्ही एकाच वेळी.

आजच्या पोरांसाठी नवी पेठेतले कोणतेही इलेक्ट्रिकचे दुकान पुरे. एलईडीच्या खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' खाली ३००० के आणि 'कूल डेलाइट' खाली ६५०० के छापलेले असते. के म्हणजे केल्विन, आपल्या अंशांत २७३ मिळवले की केल्विन होतात. तो बल्ब काही तेवढा तापत नाही. तेवढ्या तापलेल्या वस्तूचा उजेड जसा दिसला असता तसा याचा दिसतो, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. आता गंमत बघा : ज्याला खोक्यावर 'वॉर्म' म्हटले आहे त्याचा आकडा लहान, आणि 'कूल' म्हटले आहे त्याचा दुपटीहून मोठा. आपल्या पुरवणीकर्त्यांनी बहुतेक खोक्यावरचे शब्द वाचले, आकडे वाचले नाहीत.

आता तारे. या दिवसांत रात्री आठ-नऊला गच्चीवर जाऊन पूर्वेकडून दक्षिणेकडे नजर फिरवली की मृग दिसतो. पोटात बाणाचे तीन तारे, बाहेर चार पाय. पूर्वेकडे तोंड केले तर डाव्या हाताचा नारिंगी पाय म्हणजे काक्षी, आणि बाणाच्या पलीकडे उजव्या हाताला निळसर पांढरा राजन्य. काक्षीचे तापमान ३५०० केल्विनच्या आसपास, राजन्यचे १२,००० च्या. बाणाची रेघ वर वाढवली की रोहिणी लागते, नारिंगी, ३९०० केल्विन. खाली वाढवली की व्याध, पांढरा, ९९००. आपला सूर्य ५७७२. आणि मध्यरात्रीनंतर उगवणारी चित्रा तब्बल २५,०००. म्हणजे लाल-नारिंगी हे या पंगतीतले सगळ्यांत थंड गडी. थंड म्हणजे अर्थात भट्टीच्या दुपटीहून गरम, पण तुलना आपापसातच करायची असते.

बघताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. शेड कधी ट्यूबलाइटखाली पास करत नाहीत हे डाय हाऊसमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. तसाच तारा क्षितिजाजवळ असताना त्याचा रंग पाहू नये. तिथे मधे हवा आणि धूळ फार असते, ती निळे खाते आणि लाल सोडते. मावळता सूर्य लाल दिसतो तो काही थंड झालेला नसतो. व्याध उगवताना तांबडा, हिरवा, निळा असा लकलकतो तीही हवेचीच करामत. तासाभराने वर आला की बघा, पांढरा स्वच्छ. दुसरे, दुर्बीण असेल तर फोकस किंचित बिघडवावा. टिंबाचा ठिपका झाला की रंग चांगला कळतो. एकाच ताऱ्याकडे टक लावून बसू नये, डोळा थकतो. आम्ही लालची शेड जुळवताना मधूनमधून पांढऱ्या सुताकडे बघायचो ते याचसाठी.

इथपर्यंत नातीने ऐकले. मग तिने मला पेचात पकडले. परवा होम मैदानावर शोभेचे दारूकाम पाहून आलो. ती म्हणाली, "तात, मग निळी दारू लाल दारूपेक्षा जास्त गरम असते का?"

नसते. दारूकामातला रंग तापमानाचा नसतो, मिठाचा असतो. लाल स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडते, आणि मागून भरपूर उजेड येत असेल तर नेमके तेच रंग गिळते. निखाऱ्यात सगळे रंग असतात, फक्त झुकाव कुणीकडे ते तापमान ठरवते. ताऱ्यात दोन्ही प्रकार एकावर एक असतात. आतून निखाऱ्यासारखा अखंड प्रकाश येतो, आणि बाहेरच्या विरळ वायूतून जाताना त्यातल्या ठराविक बारीक रेघा कापल्या जातात. सूर्याच्या प्रकाशातल्या अशा काळ्या रेघा जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८१४ मध्ये बारकाईने नोंदवल्या. त्या कुणी कापल्या हे किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ मध्ये सांगितले. कापडाच्या रंगाचेही असेच असते. चादर लाल दिसते कारण तिच्यातला डाय बाकीचे रंग गिळतो. म्हणून मला या रेघा चटकन समजल्या. नात म्हणाली, "म्हणजे ताऱ्यालाही डाइंग केलेलं असतं." बरोबर, पण फार हलके.

या रेघा पाहून ताऱ्यांचे शेड कार्ड बनले, आणि ते प्रामुख्याने बायकांनी बनवले हे आपल्या पुरवणीत यायला हवे होते. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत पिकरिंग नावाचे संचालक होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे काचेच्या प्लेटांवर घेतलेले, आणि त्या प्लेटा तपासायला बायका नेमलेल्या. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंग यांच्याच घरी मोलकरीण होत्या. त्यांनी हायड्रोजनची रेघ किती ठळक आहे ते पाहून ताऱ्यांना अक्षरे दिली. सर्वांत ठळक तो ए, मग बी, असे पुढे. १८९० मध्ये दहा हजारांवर तारे असे लावून यादी छापली. पुढे ॲनी जंप कॅनन यांनी १९०१ मध्ये बरीच अक्षरे गाळली आणि उरलेल्यांचा क्रम बदलला : ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. हा क्रम निळ्या उष्णाकडून लाल थंडाकडे जातो. ओ म्हणजे ३०,००० केल्विनच्या वर, एम म्हणजे ३७०० च्या खाली. प्रत्येक अक्षराचे पुन्हा शून्य ते नऊ असे दहा पोटभाग. सूर्य जी २. व्याध ए १. राजन्य बी ८. रोहिणी के ५.

कॅननबाईंना ऐकू जवळजवळ येत नव्हते. भिंगातून प्लेट बघायची, अक्षर उच्चारायचे, शेजारची लिहून घ्यायची. हात बसल्यावर मिनिटाला तीन तारे. १९१८ ते १९२४ मध्ये छापलेल्या सूचीत २,२५,३०० तारे आहेत. हे वाचले तेव्हा मला आमच्या चेकिंग टेबलावरच्या बायका आठवल्या. टॉवेल हातातून सरकत असायचा, गप्पा चालू असायच्या, आणि सेकंडचा, म्हणजे खोट असलेला, माल आपोआप डावीकडे पडायचा. कुणी विचारले की कसे ओळखलेस, तर सांगता येत नसे.

अक्षरांचा हा उलटासुलटा क्रम पाठ होत नाही. इंग्रजीत त्यासाठी एक वाक्य आहे, ते आठवीच्या पोरीला शिकवण्याजोगे मला वाटले नाही. तिनेच मग मराठीत केले : ओल्या बोळात अडकलेली फुगेवाल्याची गाडी काढा मामा. आमच्या बोळात पावसाळ्यात हे रोजचे दृश्य आहे.

पण क्रम बदलावा का लागला? हायड्रोजनची रेघ ए मध्ये सर्वांत ठळक आणि ओ मध्येही फिकट, एम मध्येही फिकट, असे का? इथे मला वाटते की कोणताही रंगारी प्राध्यापकाच्या आधी उत्तर देईल. व्हॅट जातीचा रंग सुतावर चढवायचा तर टबाचे तापमान पन्नास-साठ अंशांत धरावे लागते. पाणी गार असेल तर रंग धड चढत नाही. फार तापवले तर बाथ, म्हणजे टबातले रंगाचे पाणी, बिघडतो आणि शेड फिकी येते. दोन्ही वेळा सूत फिके दिसते, आणि नवा पोऱ्या म्हणतो, "मास्तर, डाय कमी पडला." डाय कमी पडलेला नसतो. तो टबात तेवढाच असतो, तापमान चुकलेले असते. हायड्रोजनचे तसेच. साधारण १०,००० केल्विनला त्याची रेघ सर्वांत ठळक येते. त्याहून थंड ताऱ्यात त्याचे अणू पुरेसे चेतवले जात नाहीत, त्याहून फार उष्ण ताऱ्यात त्यांचा इलेक्ट्रॉनच निघून जातो. हायड्रोजन सगळीकडे आहे, रेघ मात्र ठराविक तापमानालाच उमटते.

हे गणिताने मांडले ते आपल्या मेघनाद साहांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा मुलगा. कोणत्या तापमानाला आणि दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील याचे समीकरण त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. तोवर हार्वर्डचे शेड कार्ड हे फक्त कार्ड होते. कोणता नंबर कोणत्या डिग्रीला येतो हे साहांच्या समीकरणाने कळू लागले. त्याच आधाराने सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ च्या प्रबंधात दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तेव्हा थोरामोठ्यांचा समज असा की तारे पृथ्वीसारख्याच मालाचे. रेघा लोखंडाच्या, कॅल्शियमच्या ठळक दिसतात ना! हेन्री नॉरिस रसेल यांच्या दबावाने तिला स्वतःच्याच प्रबंधात हा आकडा जवळजवळ नक्कीच खरा नाही असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल यांनी स्वतः तो मान्य केला. 'डाय कमी पडला' म्हणणारा पोऱ्या तिथेही होता, फक्त तो फार मोठा प्राध्यापक होता.

लाल एम ताऱ्यांत हवा इतकी 'गार' असते की रेणूसुद्धा टिकतात. त्यांच्या प्रकाशात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे दिसतात. कृत्रिम धाग्याची चमक मारायला जी पांढरी पूड घालतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचाच हा भाऊबंद. हे वाचून मला ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे झाले.

आता चौकटीतली दुसरी चूक. 'तेजस्वी, कारण मोठा.'

सोलापुरात काउंट, म्हणजे सुताच्या जाडी-बारीकपणाचा आकडा, कुणाला शिकवावा लागत नाही. दहाचे सूत जाड, चाळीसचे बारीक. आकडा मोठा तसे सूत बारीक. ताऱ्यांच्या तेजाचा आकडा, ज्याला प्रत म्हणतात, तोही असाच उलटा चालतो. पहिल्या प्रतीचा ठळक, सहाव्या प्रतीचा डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल. फार जुन्या काळी ग्रीकांनी पाडलेली ही पद्धत १८५६ मध्ये पॉगसन यांनी मापात बसवली : पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज, एका प्रतीचा सुमारे अडीचपट. व्याध त्याहून ठळक म्हणून शून्याच्याही खाली, उणे १.४६. पण ही प्रत दिसण्याची. व्याध फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून डोळ्यांत भरतो. खरे तेज काढायचे तर सगळ्यांना एका रांगेत उभे करावे लागते. ठरलेली रांग ३२.६ प्रकाशवर्षांवर. तिथे सूर्य उभा केला तर तो पाचव्या प्रतीच्या जवळचा फिकुटला ठिपका. व्याधाचे तेज सूर्याच्या पंचवीसपट आहे हे खरे. पण दक्षिणेला खाली अगस्त्य दिसतो, आपल्या इथून वीस अंशांहूनही खालीच राहतो, तो व्याधापेक्षा मंद दिसत असला तरी तीनशे प्रकाशवर्षांवर आहे आणि खरा व्याधाच्या कितीतरी पुढे. राजन्य तर साडेआठशे प्रकाशवर्षांच्या आसपास असून पहिल्या दहांत मान राखून आहे. व्याध त्याच्यापुढे झिरोचा बल्ब.

आणि काक्षी? इथे नात पुन्हा अडली. लाल म्हणजे थंड, थंड म्हणजे मंद, असे आपणच म्हणालो. मग तो एवढा झगझगीत कसा?

मी स्वयंपाकघरातून दाभण आणले आणि गॅसवर लाल केले. ते हाताजवळ धरले तरी फारशी धग लागली नाही. मग विचारले, कडक भाकरीचा एवढा मोठा तवा तेवढाच लाल केला तर शेजारी उभी राहशील का? ती म्हणाली, वेड लागलंय का. शेड एकच, धग वेगळी, कारण पसारा वेगळा. तापमान दुप्पट केले तर तेवढ्याच जागेतून सोळापट उजेड निघतो, हा स्टेफान आणि बोल्ट्झमन यांचा नियम. त्या हिशेबाने काक्षीची एक वीत जागा सूर्याच्या एका वितेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच उजेड देते. पण काक्षीची रुंदी सूर्याच्या सहाशे-सातशेपट. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेपर्यंतचे सगळे त्याच्या पोटात. एवढ्या विता जमल्यावर उजेड कमी कसा पडेल? हाच काक्षी २०१९ च्या शेवटी अचानक मंदावला होता, तेव्हा तो फुटणार म्हणून मोबाइलवर नुसता धुमाकूळ होता. मी रोज गच्चीवरून बघत होतो, रोहिणीहूनही फिका पडला होता. पुढे कळले की त्याने स्वतःच धुळीचा ढग सोडला होता आणि पृष्ठभागाचा काही भागही निवला होता. फुटणार कधीतरी आहेच, पण आपल्या-तुपल्या हयातीचा हिशेब त्याने घेतलेला नाही.

उलट बाजूही आहे. व्याधाला एक जोडीदार आहे, १८६२ मध्ये दुर्बिणीतून सापडला. तापमान २५,००० केल्विन, म्हणजे व्याधाच्या अडीचपट, आणि तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण आकार पृथ्वीएवढाच. त्याला श्वेतबटू म्हणतात. लाल करून ठेवलेले नव्हे, पांढरेफटक तापवलेले दाभण.

म्हणून नुसती शेड सांगून भागत नाही. सुताच्या कोनावरच्या, म्हणजे शंकूसारख्या रिळावरच्या, चिठ्ठीत शेड नंबर असतो तसा काउंटही असतो. ताऱ्याच्या चिठ्ठीवर अक्षर आणि आकड्यापुढे रोमन एक ते पाच असा तिसरा शेरा लागतो. एक म्हणजे महाराक्षसी, तीन राक्षसी, पाच म्हणजे सूर्यासारखा साधा संसारी. ही जोड १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी दिली. मोठ्या ताऱ्याची बाहेरची हवा विरळ, म्हणून त्याच्या रेघा बारीक. लहान ताऱ्याची दाट, म्हणून रेघा पसरट. हार्वर्डच्याच अँटोनिया मॉरी यांना हा फरक कितीतरी आधी दिसला होता. त्याची किंमत डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी ओळखली. म्हणजे रेघेच्या जाडीवरून पसारा कळतो, पट्टी लावायला तिथे जावे लागत नाही.

आता चार्टविषयी, म्हणजे पत्र संपेल. नातीने पहिला कागद फाडला. नव्या चार्टवर आडवी शेड आणि उभे तेज घेतले, हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ मध्ये आणि रसेल यांनी १९१३ मध्ये आखले तसे, आणि रंगांच्या जागी सुताचे झुपके चिकटवले. डावीकडे वरून उजवीकडे खाली असा तिरका पट्टा झाला, बहुतेक तारे त्यात बसले. सूर्य त्याच्या मधोमध. काक्षी उजवीकडे वर एकटाच, राजन्य डावीकडे त्याच्या बरोबरीला. व्याधाचा जोडीदार डावीकडे खाली. उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटे लाल झुपके एवढे लावले की जागा उरली नाही. आकाशगंगेतले चारांत तीन तारे असेच लाल बटू असतात आणि एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा, हाही त्यातलाच.

सुताचे मात्र हाल झाले. लाल-नारिंगी घरात गोणीभर. बी आणि ओ साठी हवा होता निळसर पांढरा, आणि नातीने आणला होता चादरीचा गडद निळा. असा निळा तारा कुठेच नसतो. मग पांढऱ्या सुताला नीळ दिली, दोन वेळा पिळले, तिसऱ्यांदा जमले. सूर्याला तिने पिवळा झुपका लावला होता, तो काढायला लावला. सूर्यप्रकाश पांढरा आहे. ज्या उजेडात उभे राहून आम्ही आयुष्यभर पांढरे ठरवले, तोच पिवळा कसा असेल? तिथे सध्या साधे ब्लीच केलेले सूत आहे, आणि वर्गातल्या मुली विचारतात की हा सूर्य धुऊन काढलाय का.

तेव्हा विनंती एवढीच की २८ फेब्रुवारीच्या आधीच्या एखाद्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि तेवढ्याच मोठ्या टायपात, तक्ता सुलटा करून छापावा आणि चौकटीतले 'कारण' काढून टाकावे. नातीचे म्हणणे आहे की चार्टच्या खाली 'माहितीचा आधार' लिहावा लागतो आणि तिथे तिला आपल्या अंकाचे कात्रण लावायचे आहे. कात्रण आले नाही तर ती तिथे 'तात' असे लिहिणार आहे. बाईंनी वाचले तर मला शाळेत बोलावतील.

आपला,
एक निवृत्त डाइंग मास्तर
दाजी पेठ, सोलापूर
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या चिठ्ठीत दिला आहे, तो छापू नये.)